टिकलीमागचा दिवा

"काढली बघ पुन्हा," सासूबाई मागच्या खिडकीतून डोकावून म्हणाल्या. "अगं, कपाळ मोकळं दिसतंय तुझं. लग्नाला निघालोय आपण."

रेवूला तेव्हा नवाच नाद लागला होता. सव्वा वर्षाचं पोर. कडेवर घेतलं की पहिला हात माझ्या कपाळावर. नखानं टिकलीची कड उचलायची, ओढायची, आणि ती बोटाला चिकटली की गड सर केल्यासारखं माझ्याकडे बघायचं. पाटणहून निघाल्यापासून तिनं माझ्या टिकल्यांचं पाकीट निम्मं संपवलं होतं.

आमचं वऱ्हाड चिपळूणला चाललं होतं. धाकट्या दिराचं, धैर्यशीलचं लग्न. तो दोन मित्रांबरोबर सजवलेल्या गाडीतून पुढे गेला होता आणि आम्ही बाकीचे सगळे बाजीमामांच्या बसमध्ये. बाजीमामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. बस त्यांच्या मालकीची. "भाच्याच्या लग्नाला मामाची गाडी नाही तर काय भाड्याची आणणार?" असं म्हणून त्यांनी ती आहेर म्हणून दिली होती, आणि ते सकाळपासून भेटेल त्याला सांगतही होते.

रेवूला मागे बसलं की उलटी व्हायची. म्हणून मामांनीच आम्हा मायलेकींना पुढे केबिनमध्ये बसवलं होतं. इंजिनच्या झाकणावर गादी टाकलेली, त्यावर आम्ही. उजवीकडे ड्रायव्हर हणमंत, डावीकडे दाराजवळ फेटा बांधलेले मामा. मागचं वऱ्हाड आणि आमच्यात एक काच आणि सरकती खिडकी.

कोयनानगरला चहासाठी थांबलो. चहा झाला, हणमंतानं गाडी चालू केली, तरी दोघं-तिघं अजून टपरीवरून येत होती. रेवू कंटाळून रडायला लागली.

"आण इकडं," हणमंत म्हणाला. "हिला ड्रायवर करू. वहिनी, द्या की."

त्यानं तिला मांडीवर घेतलं. रेवूनं स्टिअरिंगला दोन्ही हात लावले आणि रडं बंद. मामा हसले. "बघा, पाटलांच्या घरात पहिली बाई ड्रायवर!" मागून खिडकीतून टाळ्या. मीही हसत होते.

स्टिअरिंगच्या पलीकडे काटे, आकडे आणि बारक्या दिव्यांची पट्टी होती. त्यातल्या एका ठिकाणी डाळिंबी रंगाची मखमली टिकली लावलेली होती, शर्टाच्या गुंडीएवढी. मी ती पाटणपासून बघत होते आणि दसऱ्याच्या पूजेत लावलेली असेल असं धरून चालले होते. रेवूला मात्र टिकली दिसल्यावर राहवणार थोडंच! ती पुढे वाकली, नखानं कड उचलली आणि ओढली.

टिकलीखाली लाल दिवा पेटलेला होता.

"अरे," हणमंत एवढंच म्हणाला. मग रेवूच्या मुठीकडे बघून, "दे बाळा, दे. देवाची हाय ती." रेवूनं मूठ घट्ट मिटली. तिच्या मुठीतून काही सोडवायचं तर तिची आजीसुद्धा हात टेकते.

"हा दिवा कसला?" मी विचारलं.

"काही न्हाई ओ वहिनी. हवेचा हाय. ब्रेकच्या हवेचा."

"ब्रेकच्या?"

"वायर लूज हाय त्याची," मामा समोर बघत म्हणाले. "गेली चार म्हयनं पेटतोय. डोळ्यात खुपतो म्हणून झाकला. हणमंता, आली का सगळी? चल काढ."

माझ्याबद्दल आधी थोडं सांगायला हवं. आमच्या घरात माझी भीती हा गमतीचा विषय होता. रात्री उठून गॅस बघायचा, झोपलेल्या रेवूच्या नाकाशी बोट धरायचं, पाणी उकळलं की पुन्हा उकळायचं. दिरानं तर एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "वहिनीचं बाळ अजून रांगत नाही, वहिनीची भीती मात्र पळायला लागली." मीही हसले होते. भित्र्या माणसाला हसावंच लागतं, नाहीतर लोक आणखी हसतात. त्यामुळे तो लाल दिवा बघितल्यावर मी पहिल्यांदा स्वतःलाच दटावलं. गप्प बस, मृणाल. गाडी त्यांची आहे, रोज चालवतात.

गप्प बसले, पण डोळे काही मिटता येईनात.

हेळवाकच्या दिशेनं निघालो आणि थोड्या वेळानं दिवा विझला. माझा जीव भांड्यात पडला. पुढे रस्त्यात म्हशी आल्या, हणमंतानं ब्रेक दाबला. दिवा पेटला. शेजारच्या गोल डबीतला काटा खाली तांबड्या पट्टीत उतरला आणि रेंगाळत रेंगाळत वर आला. तो वर आला तसा दिवा विझला. पुढे खड्डा, ब्रेक, दिवा. वळण, ब्रेक, दिवा. प्रत्येक खेपेला काटा जरा जास्त खाली जात होता आणि वर यायला जरा जास्त वेळ घेत होता.

मी बी.एस्सी. झालेय, पण हे कळायला बी.एस्सी. लागत नाही. लूज वायरचा दिवा मनाला येईल तेव्हा पेटेल. हा नेमका ब्रेकबरोबर पेटत होता, म्हणजे ज्या हवेवर ब्रेक चालतात तीच कमी पडत होती.

"हणमंत, तो काटा कसला?"

"त्यो? त्यो बी हवेचाच."

"मग तोही दिव्याबरोबरच खाली जातोय."

"त्यो दिव्याचा भाऊच हाय, वहिनी. दोघं एका वळणावर गेल्यात." तो आणि मामा दोघंही हसले.

"असा दिवा पेटला की काही वाजत नाही? भोंगा वगैरे?"

"वाजायचा की. लई कटकट करायचा. काढली वायर."

"मग तुम्हाला हवा कमी झालेली कळते कशी?"

हणमंतानं उजव्या मांडीवर थाप मारली. "पायाला कळतं. वीस वर्षं झाली घाटात. पाय खोटं बोलत न्हाई."

मामा माझ्याकडे वळले. चेहरा प्रेमळच होता. "सूनबाई, पुस्तकात लाल म्हंजे धोका लिवलेलं असतं. आमच्याकडं लाल म्हंजे कुंकू. शुभ. तू पोरगीकडं बघ, रस्त्याकडं आम्ही बघतो."

समोर कुंभार्ली घाट येत होता. आता माथ्यावर थांबायचं, देवाला नारळ फोडायचा आणि मग सरळ खाली, एकामागून एक वळणं, डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला नुसतं धुकं. त्या वळणांवर हणमंत किती वेळा ब्रेक दाबणार होता? मी काट्याकडे बघितलं. तो तांबड्या पट्टीच्या काठावर बसून होता.

घाटमाथ्यावर गाडी थांबली. पुरुष नारळ घेऊन देवळाकडे गेले, बायका पाय मोकळे करायला उतरल्या. मी रेवूला घेऊन उतरले. नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले, सगळे पुन्हा चढायला लागले. मी रस्त्याकडेच्या कठड्यावर जाऊन बसले.

"चला चला," मामा दारातून ओरडले. "मुहूर्त गाठायचाय. सूनबाई, पोरीला घे."

"मी नाही चढणार, मामा."

त्यांना आधी ऐकूच आलं नसावं. "आँ?"

"या गाडीत मी चढणार नाही. रेवूला घेऊन तर नाहीच. ब्रेकची हवा उतरतेय. मी सगळ्या रस्त्यानं बघत आलेय."

माझा नवरा, रणजित, मागच्या दारातून उतरून धावत आला. "काय झालं? मृणाल, उलटी झाली का तिला?"

मी त्याला दिव्याचं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि आवाज खाली आणला. "अगं, त्यांची गाडी आहे. त्यांना कळत नसेल का?"

"कळतंय म्हणून तर झाकून ठेवलंय."

"हळू बोल. मामांना काय वाटेल?"

"मामांना वाटायचं ते वाटू दे. तुला काय वाटतं ते सांग."

त्यानं मागे गाडीकडे बघितलं. पण तो परत गाडीकडे गेला नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर, माझ्या आणि मामांच्या मध्ये कुठेतरी उभा राहिला.

एव्हाना खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. कुणीतरी विचारलं, "काय झालं ओ?" आणि कुणीतरी उत्तर दिलं, "काही नाही, मृणालला भीती वाटतेय." मग ते नेहमीचं हसू पसरलं.

मामा खाली उतरले. "सूनबाई, पाळण्याशी बसून रात्रभर पोरीचा श्वास मोजतेस म्हणं तू. तुला झोपेतबी लालच दिसत असंल."

"दिसतं, मामा. भित्री आहे मी. पण गाडीतला दिवा मी नाही पेटवला."

हसू थांबलं. मी रेवूला मांडीवर ओढून तिथंच बसून राहिले.

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "मृणाल, माझ्या धाकट्याचं लग्न आहे गं. असं करू नको." त्यांचा आवाज रागाचा असता तर बरं झालं असतं. तो काकुळतीचा होता.

"आई, तुम्हीही उतरा," मी म्हणाले. "एस.टी. येईल. थोडा उशीर होईल, पण पोचू."

"वऱ्हाड एस.टी.नं?" मामांचा आवाज चढला. "मामा जित्ता असताना? चिपळूणची माणसं तोंडात शेण घालतील माझ्या!"

"मग एक करा. गाडी चालूच आहे. हणमंतला इथंच उभ्या गाडीत दोन-चार वेळा ब्रेक दाबायला सांगा. सगळ्यांनी दिव्याकडे आणि काट्याकडे बघा. काटा खाली आला नाही, दिवा पेटला नाही, तर मी सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडेन आणि पुन्हा कधी तोंड उघडणार नाही."

"माझ्या गाडीची परीक्षा घेणार तू? कालची पोरगी?"

"हो."

एवढा एकच शब्द मी आयुष्यात इतक्या मोठ्यांदा बोलले असेन. रेवू दचकली आणि तिची मूठ उघडली. तळहातावर ती डाळिंबी टिकली चिकटलेली होती.

त्याच वेळी गाडीचं मागचं दार उघडलं आणि शेवंतामामी उतरल्या. बाजीमामांची बायको. ठेंगण्या, नऊवारी नेसणाऱ्या. चारचौघांत त्या बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. मामा बोलायचे आणि त्या पदर सावरायच्या. त्या सरळ माझ्याजवळ आल्या, रेवूसमोर वाकल्या आणि तिच्या हातावरची टिकली त्यांनी बोटाच्या टोकावर उचलली. रेवूनं मुकाट दिली. मी त्यांच्या कपाळाकडे बघितलं. तशीच मखमली, तशीच डाळिंबी, तेवढीच मोठी.

"माझी हाय ही," मामी म्हणाल्या. कुणाकडे न बघता. "दसऱ्याला मागून घेतली ह्यांनी. म्हणालं, कपाळावरची दे एक, गाडीला लावतो. मला वाटलं पूजेला. मी आनंदानं दिली काढून."

"शेवंता, गाडीत बस," मामा म्हणाले.

मामींनी ती टिकली स्वतःच्या टिकलीवरच ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. एकावर एक. "माझ्या कुंकवानं असलं काही झाकायचं न्हाई," त्या म्हणाल्या आणि कठड्यावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. लुगडं सावरलं, पाय जुळवून घेतले. "मी बी न्हाई चढत."

मग मागच्या सीटवरची माझी आत्येसासू उतरली. तिच्या मागून तिची सून. बायका एकेक करून उतरत होत्या, कुणी पोराला घेऊन, कुणी रुखवताची टोपली सावरत. जणू पाय मोकळे करायलाच उतरत होत्या. सासूबाई सगळ्यांत शेवटी उतरल्या. माझ्याजवळ मात्र आल्या नाहीत, लांब झाडाखाली उभ्या राहिल्या.

मामांचा चेहरा तांबडा झाला होता. ते गर्रकन वळले. "हणमंता! जा. रिकामी घे आन एक वळण उतरून वर ये. बघू दे ह्यास्नी. बघू दे सगळ्यास्नी बाजीरावची गाडी कशी हाय!"

हणमंत स्टिअरिंगवर बसून होता. त्यानं मामांकडे बघितलं, मग समोरच्या उताराकडे. त्याचा हात उजव्या मांडीवर होता, पण थाप मारत नव्हता.

"त्याला एकट्याला कशाला?" शेवंतामामी म्हणाल्या. आवाज अगदी साधा, जेवायला वाढू का विचारावं तसा. "तुम्ही बसा की शेजारी."

घाटावर वारा होता. कुणाच्या तरी फेट्याचा शेमला फडफडत होता.

मामा केबिनच्या दाराशी गेले. दांडी धरली. एक पाय पायरीवर ठेवला. तिथून त्यांना समोरची पट्टी दिसत होती. त्यांची नजर कुठे होती ते मला कठड्यावरूनही कळत होतं. हणमंतानं त्यांच्याकडे न बघता ब्रेकवर पाय दाबला. सोडला. पुन्हा दाबला. दिव्याचा लाल उजेड मामांच्या चष्म्याच्या काचेत मला दिसला, असं मी आजवर सांगत आलेय. रणजित म्हणतो, एवढ्या लांबून दिसणं शक्य नाही. नसेल.

मामांनी पाय खाली घेतला. फेटा उगाचच नीट केला.

"उशीर होतोय," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "एस.टी. यायची येळ झाली. सामान काढा."

हणमंतानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चाकांना दगड लावायला लागला. माझ्याजवळून जाताना तो क्षणभर थांबला. "माझी बी दोन हायत घरी, वहिनी," एवढंच म्हणाला आणि दुसरा दगड आणायला गेला.

एस.टी. आली, पण भरलेली. आम्ही दाटीवाटीनं उभे राहून घाट उतरलो. फेटे, शालू, रुखवताच्या टोपल्या आणि कंडक्टरची बोलणी. चिपळूणला कार्यालयात पोचलो तेव्हा वाजंत्री वाजत होती आणि अक्षता पडून गेल्या होत्या. सासूबाईंनी दारातूनच ते बघितलं. मग त्या मांडवात गेल्या, वाकून जमिनीवरच्या मूठभर अक्षता गोळा केल्या आणि नवरा-नवरीच्या डोक्यावर टाकल्या. पोराच्या लग्नाला आईनं उचललेल्या अक्षता टाकायच्या, ही काही लहान गोष्ट नाही, आणि ती माझ्यामुळे झाली. त्यांनी मला ते कधी बोलून दाखवलं नाही. बोलल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. पण मला पुन्हा त्याच कठड्यावर नेऊन बसवलं, तरी मी त्या गाडीत चढणार नाही.

ब्रेकमध्ये नेमकं काय बिघडलं होतं, मेकॅनिकनं काय सांगितलं, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या पायरीवरून खाली आलेला पाय मी बघितला होता.

सासरी माझं नाव मात्र कायमचं पडलं. घाटावरची. "घाटावरची आली का?" "घाटावरचीला विचारा, तिला पसंत असेल तर निघू." सुरुवातीला लागायचं. मग मी ओ द्यायला लागले. मामा मात्र माझ्याशी बोलायचेच बंद झाले. समोर आले तर रेवूशी बोलायचे, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायचे. मामींकडून दर दसऱ्याला टिकल्यांचं पाकीट यायचं. कुणाच्याही हाती, निरोपाशिवाय.

रेवू आता माझ्या खांद्याला लागते. गाडी मी शिकले, आमची गाडी मीच चालवते. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी शेवंतामामींचा फोन आला. मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय, कऱ्हाडला न्यायचंय, घरात कुणी नाही. "तू येतीस का गं?"

मी गाडी दारात उभी केली. मामा काठी टेकत आले. फेटा नव्हता, टक्कल पडलेलं, एक डोळा पार पांढुरका. मामी त्यांना मागे बसवायला लागल्या तर म्हणाले, "न्हाई. पुढं बसतो." आणि दार उघडून माझ्या शेजारी बसले. बऱ्याच वर्षांनी आम्ही असे जवळ बसलो होतो. मामी मागे बसल्या.

मी किल्ली फिरवली. समोरच्या पडद्यावर सगळे दिवे एकदम पेटले, जसे पेटतात तसे, आणि एकेक करून विझत गेले. मामा पुढे वाकून, बऱ्या डोळ्यानं ते बघत होते. विझणारा प्रत्येक दिवा बघत होते.

"सूनबाई," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी. "सगळे विझले न्हवं?"

"नाही मामा. एक पेटलाय अजून. लाल."

त्यांचा हात दाराच्या दांडीकडे गेला. "कसला?"

"तुमचा. पट्टा लावलेला नाही तुम्ही."

मागून मामी खुदकन हसल्या. मामांनी खांद्यावरून पट्टा ओढला, खालची खाच चाचपडली, दोनदा चुकली. मी मदत केली नाही. तिसऱ्यांदा खट् झालं.

ते पुन्हा वाकून पडद्याकडे बघत राहिले. दिवा विझला.

"आता चल," मामा म्हणाले.

मग मी गाडी काढली.